हे काय, दिसायलंय की!

उन्हाळ्यात भर दुपारी फाट्यावर उतरून गाव किती लांब म्हणून विचारलं, की हमखास उत्तर येतं, "हे काय, दिसायलंय की समोर!" दिसतं खरं. चालायला लागलं की कळतं, दिसणं वेगळं आणि पोचणं वेगळं.

यात सांगणाऱ्याचा दोष नाही. दोन डोळ्यांत अंतर असतं जेमतेम सहा-साडेसहा सेंटिमीटर. तेवढ्या फरकावर सुईत दोरा ओवता येतो, चेंडू झेलता येतो. पण दोन-तीन किलोमीटरवरची पाण्याची टाकी दोन्ही डोळ्यांना सारखीच दिसते. मग मेंदू बघतो, मध्ये काय काय आहे आणि पलीकडचं किती धूसर आहे. चैत्रात नांगरून टाकलेल्या काळ्या रानात मध्ये काहीच नसतं, म्हणून अंतर आखडतं. आणि पहिल्या पावसानं धूळ बसली, की बालाघाटाचे डोंगर एका रात्रीत अलीकडे आल्यासारखे वाटतात.

त्यापेक्षा अंगठा बरा. हात कोपरात न वाकवता समोर धरायचा, डावा डोळा मिटून अंगठा लांबच्या वस्तूवर आणायचा आणि मान न हलवता डोळा बदलायचा. अंगठा बाजूला उडी मारतो. ती उडी तिथं किती मीटरची झाली ते ठरवून दहानं गुणायचं, कारण हाताची लांबी डोळ्यांतल्या अंतराच्या साधारण दहापट भरते. एसटी धरा ११ मीटर; अंगठा दोन एसट्यांइतका सरकला तर ती २२० मीटरच्या आसपास. फक्त एसटी आडवी उभी पाहिजे. तोंड आपल्याकडे असेल तर सगळा हिशेब बोंबलला.

पाण्यात मात्र अंगठा चालत नाही. विहिरीचा तळ सरळ वरून पाहताना तीन फुटांवर दिसला, तर पाणी चार फूट समजावं. तिरकं पाहिलं की तळ आणखी वर येतो. आणि पायऱ्यांवर बसलेल्या, पोहता न येणाऱ्या पोराला तो नेहमी तिरकाच दिसतो.

राहता राहिला कोजागिरीचा चंद्र. कपाशीच्या रानावर उगवताना केवढा थोरला! हात लांब करून करंगळीचं नख आडवं धरा: तो तेव्हाही नखाच्या निम्म्यातच मावतो आणि मध्यरात्री डोक्यावर आल्यावरही. असं का वाटतं, यावर जाणकारांचं अजून एकमत नाही. पाठमोरं उभं राहून, खाली वाकून दोन पायांमधून पाहिलं, तर उगवता चंद्रही बऱ्याच जणांना लहान वाटतो. गच्चीवर शेजारीपाजारी दूध प्यायला जमलेले असताना हे करून बघायचं का, ते ज्याचं त्यानं ठरवावं.