मृगातला पाचवा तारा

अखेर दिसला! एम ४२, म्हणजे मृगातल्या मोठ्या तेजोमेघाच्या गाभ्यात जी चार ताऱ्यांची चौकडी आहे (ताऱ्यांना ए, बी, सी, डी अशी अक्षरं), तिच्यातल्या 'ए'ला खेटून असलेला पाचवा तारा 'ई' काल ८ इंची डॉब्सोनियन दुर्बिणीतून चांगला अर्धा मिनिट स्थिर दिसला. दोन महिने मृग वर आलं की मी याच्याच मागे होतो.

आधी चुकत कुठे होतं, ते आता कळलं. दुर्बीण बाहेर आणली की लगेच ६ मिमीची नेत्रिका (डोळा लावायचं भिंग) लावून २०० पट करायचो. दुर्बिणीचा आरसा अजून कोमट, त्यामुळे तारे नुसते उकळल्यासारखे थरथरायचे. काल तासभर आधी दुर्बीण बाहेर ठेवली आणि पहिल्यांदा मृगातलाच तेजस्वी राजन्य (रायजेल) धरला. त्याचा मंद जोडीदार जेमतेम साडेनऊ आर्कसेकंदांवर (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग), झगमगाटात बुडालेला. तो सुटा दिसला तरच पुढे जायचं, असं ठरवलं होतं. दिसला. मग चौकडीवर आलो. 'ई' साधारण ११ व्या प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप; आकडा मोठा तितका तारा मंद), 'ए'पासून ४ आर्कसेकंदांवर. हवा क्षणभर थांबली की सुईच्या टोकाएवढा ठिपका उमटायचा. 'सी'जवळचा सहावा तारा 'एफ' मात्र नाही सापडला. 'सी' फारच तेजस्वी आहे. सगळा तेजोमेघ मुख्यतः त्याच्याच अतिनील प्रारणाने उजळलाय.

नंतर ४८ पटीवर नुसता बघत बसलो. चौकडीच्या दिशेने आत घुसलेली ती काळी खाच, 'माशाचं तोंड', काल कडेसकट कापल्यासारखी दिसली. रंग राखाडी-हिरवट. फोटोतला गुलाबी रंग हायड्रोजनचा, ६५६ नॅनोमीटरचा. अंधाराला सरावलेल्या डोळ्याला तो जवळजवळ दिसतच नाही. ऑक्सिजनचा ५०० च्या आसपासचा हिरवा मात्र डोळा बरोबर टिपतो. नवीन कोणी नेत्रिकेला डोळा लावणार असेल तर हे आधी सांगा, म्हणजे हिरमोड होत नाही.

मृगातलाच फ्लेम तेजोमेघही मिळाला. युक्ती एकच: मृगाच्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी टोकाचा, फ्लेमला लागून असलेला तेजस्वी अल्निटाक दृष्टिक्षेत्राबाहेर ढकलायचा आणि तिरप्या नजरेने बघायचं. मधली काळी पट्टी अंधुक कळली. जवळचा अश्वमुख हा काळा तेजोमेघ अजून नाही. त्यासाठी एच-बीटा फिल्टर (हायड्रोजनचा एक ठरावीक रंगच आत सोडणारा) आणि याहून काळं आकाश हवं.

मृगातल्या तांबड्या काक्षीची (बीटलज्यूस) नोंद चालू आहे. २०२० च्या फेब्रुवारीत ती १.६ प्रतीपर्यंत मंदावली होती, तेव्हापासून रोज रोहिणी आणि प्रश्वा या ताऱ्यांशी तुलना करून प्रत लिहितो. काल: रोहिणीहून ठळक, प्रश्वाहून किंचित फिकी.

पुढच्या अमावस्येला 'एफ'.