कुठला जेट टाकलाय भावा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, नाहीतर गेलं वर्षभर पंपावर, रंकाळ्यावर, एवढंच काय पाहुण्याच्या लग्नात पंगतीत बसल्यावरसुद्धा हाच प्रश्न, की सायलेन्सर बदललास तर कार्बला (कार्ब्युरेटर, पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) जेट (त्यातली पेट्रोलच्या भोकाची पितळी नळी) कितीचा टाकलास, नंबर सांग. आता नंबर सांगून काय होणार ओ? माझी बुलेट वडलांची, ९४ ची, बिडाच्या इंजिनची ३५०. तीस वर्षं कार्बमधली पेट्रोल कमीजास्त करणारी सुई वरखाली होऊन झिजलेली, हवेचा फिल्टर मात्र कंपनीचाच. तुमचा फिल्टर उघडा असला तर माझा नंबर तुमच्या गाडीला घालून उपयोग शून्य.

दिवाळीआधी शॉर्ट बॉटल, म्हणजे आखूड मोठ्या आवाजाचा सायलेन्सर घातला. आवाज असा की गल्लीतली कुत्री उठायची, पण एक्सलेटर सोडला की मागनं फट फट फट्याक, लवंगी माळ संपतच नाही. सगळे म्हणाले गाडी लीन झाली, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय (उलट झालं तर रिच), मेन जेट वाढव. वाढवला, परत वाढवला, अ‍ॅव्हरेज पस्तिसावरनं पंचविसावर आलं, प्लग काळाकुट्ट झाला आणि फटाके आहे तिथंच.

म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मेन जेटचं काम एक्सलेटरची मूठ पाऊण पिळल्यावर, पाव ते पाऊण सुईचं, आणि मूठ जवळजवळ बंद असताना जे काय चालतं ते स्लो जेट (बारीक जेट) आणि एअर स्क्रूवर (त्याच्या हवेचा स्क्रू). फटाके मूठ सोडल्यावर होत होते आणि मी दोन महिने वरचंच टोक बदलत बसलो, हे लक्षात यायला पण उद्यमनगरातले एक लेथवाले मामा लागले. त्यांनी कार्बकडं बघितलंच नाही, खाली वाकून बेंड पाईपवर (इंजिनापासनं सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाईप) बोट फिरवलं, इंजिनाच्या हेडजवळ काजळीची रेघ होती. "हितनं वारं घ्यायलंय की ओ!" जुन्या बुलेटला बेंड पाईप हेडात नुसता दाबून बसवलेला असतो, सायलेन्सर बसवताना कुणीतरी ओढाओढ केली आणि तो ढिला झाला. मूठ सोडली की थोडं न जळलेलं पेट्रोल पाईपात येतं, तिथं बाहेरची हवा मिळाली की तापलेल्या पाईपातच पेटतं. मामांनी पातळ रिंग काढून दिली, वर पेस्ट लावली, निम्म्याहून जास्त फटाके तिथंच गेले.

त्यामुळं आधी लीकेज, टॅपेट (व्हॉल्व्हची फट), ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचा गॅप बघा आणि मगच कार्ब. गाडी दहा-एक किलोमीटर फिरवून चांगली गरम करा, रनिंग (मूठ सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) थोडं वाढवा, एअर स्क्रू हलक्या हातानं आत टेकवा (आवळू नका, टोक खराब होतं) आणि दीड आटा बाहेर काढा, तिथनं पाव पाव आटा इकडंतिकडं करत जिथं इंजिन सगळ्यात वर पळतंय तिथं थांबा, मग रनिंग खाली घ्या. ह्या कार्बला स्क्रू आत म्हणजे रिच, बाहेर म्हणजे लीन, हे उलटं धरून बसलेले मेकॅनिकपण बघितलेत मी. मधल्या पिकअपला अडखळली तर सुईचं लॉक एक खाच खाली घ्या, सुई वर येते, पेट्रोल वाढतं. एका वेळी एकच गोष्ट, नाहीतर कशानं काय झालं कळत नाही.

मेन जेट शेवटी. मी वाघबीळच्या पुढं पन्हाळ्याच्या चढाला मूठ पिळून नेतो, चढावरच चावी बंद, क्लच दाबून कडेला, आणि प्लग काढून बघतो. पांढरा म्हणजे लीन, आणि चढाला लीन गाडी पिळली तर पिस्टन जाम व्हायची भीती. बिस्किटाच्या रंगाचा आला की झालं. माझी मूळ जेटपेक्षा एकच पायरी वर बसली, आणि त्यातलं श्रेय सगळं सायलेन्सरचं नाही. पेट्रोलात आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं काही आपल्याच उसाचं. पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९, म्हणून जुना जेट तोच ठेवला तरी गाडी आपोआप थोडी लीन पडते. वर इथेनॉल पाणी ओढतं, त्यामुळं चार दिवस गाडी उभी राहणार असेल तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब रिकामा होईपर्यंत इंजिन चालू ठेवा.

घाट उतरताना अजून एखादी फट येते. ती राहू दे म्हटलं. सायलेन्सर मात्र जुनाच परत चढवायचा विचार चाललाय, वडील रोज सकाळी बघून काही बोलत नाहीत, नुसतं कानाला हात लावतात.