‘अगं, ही तर चालते!’

सामन्याच्या दिवशी माझी जागा खेळाडूंच्या बाकाशेजारी, हत्यारांची पेटी मांडून. एरवी मी जर्मनीतल्या एका दुकानात व्हीलचेअर बसवून देते, दुरुस्त करते. आमचं दुकान इथल्या एका व्हीलचेअर बास्केटबॉल क्लबचंही काम बघतं. त्या शनिवारी सांगलीहून आलेले बाबा सोबत होते. उभी हयात कबड्डीची पंचगिरी केलेला माणूस, घरी बसवून ठेवणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या सत्रात दोन खुर्च्या अशा धडकल्या की आमच्या एका मुलीची ट्यूब फुटली. या खुर्च्यांची चाकं वर आत झुकलेली आणि खाली फाकलेली असतात, त्यामुळे त्या झटकन वळतात आणि सहजी कलंडत नाहीत. मुलगी पट्ट्यांनी बांधलेलीच. एकाने फ्रेम उचलून धरली, मी ॲक्सलचं बटण दाबून चाक ओढलं, दुसरं सरकवलं. खेळ सुरू.

सामना संपला तशी तिने पट्ट्या सोडल्या, उठली आणि फुटलेलं चाक हातात घेऊन चालत माझ्याकडे आली.

बाबा बघतच राहिले. ‘‘अगं, ही तर चालते! मग हे सोंग कशाला?’’

नशीब, तिला मराठी येत नव्हतं.

चाकाचे आरे तपासता तपासता मी त्यांना जर्मनीची खेळाडू मारायके मिलर हिची गोष्ट सांगितली. लग्नाआधीची आडरमान, जन्म 1990. आधी उभ्याने बास्केटबॉल खेळायची. गुडघ्याचे लिगामेंट पुन्हा पुन्हा फाटले आणि तो खेळ संपला. रोजच्या आयुष्यात ती चालते. पण धावणं, उडी मारून त्याच पायावर उतरणं बंद. मग खुर्चीतला खेळ धरला, अमेरिकेत व्हाइटवॉटरच्या विद्यापीठाकडून खेळली. 2012 ला लंडन पॅरालिम्पिकच्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या बायकांनी ऑस्ट्रेलियाला 58-44 असं हरवलं, त्या संघात ती होती. रिओत रौप्य. टोकियोत तर उद्घाटनाला देशाचा झेंडा तिच्या हाती होता.

‘‘मग कमरेखाली जीव नसलेल्या पोरीने हिच्यापुढे काय खेळायचं?’’ पंच जागा झाला होता.

त्यालाच तर गुण असतात. धडावर ताबा जितका जास्त तितके गुण जास्त, प्रत्येकाला 1.0 ते 4.5. आंतरराष्ट्रीय सामन्यात मैदानातल्या पाच जणांची बेरीज 14 च्या वर जाता कामा नये. मारायके 4.5 ची, म्हणजे तिला उतरवायचं तर कमी गुणांचे खेळाडू हवेतच, आणि वाट अडवून तिला मोकळं करायचं खरं काम तेच करतात. माझ्या मते सामना बघायचा तर त्यांच्याकडे बघावं. बसायची कमाल उंचीसुद्धा ठरलेली: 3 गुणांपर्यंत 63 सेंटिमीटर, त्यावरच्यांना 58. जर्मन लीगमध्ये तर धडधाकट माणूसही 4.5 धरून खेळू शकतो.

‘‘म्हणजे आमचे वजनगट,’’ बाबा म्हणाले. पटलं होतं. मग मीच नको ते काढलं. 2020 मध्ये आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने व्हीलचेअर बास्केटबॉलच्या संघटनेला पात्रतेवरून तंबी दिली, 4.0 आणि 4.5 च्या खेळाडूंची फेरतपासणी झाली आणि रिओत मारायकेसोबत रौप्य जिंकलेली बार्बरा ग्रोस अपात्र ठरली. दुखणं खरं होतं, पण पात्र अपंगत्वांच्या नव्या यादीत बसेना.

‘‘रिओत चाललं ते टोकियोला का नाही? पाय तेच ना?’’

‘‘नियम बदलला, बाबा.’’

‘‘मग खेळाडूची काय चूक?’’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि पुढच्या सामन्याआधी दोन आरे बदलायचे होते. बाबांनी माझ्या पेटीतली टेप उचलली आणि थेट पंचांच्या टेबलाकडे निघाले. त्यांना जर्मन येत नाही, पंचांना मराठी. तरी दहाएक मिनिटं दोघं एका रिकाम्या खुर्चीची उंची मोजत हातवारे करत होते, आणि शेवटी पंचांनी त्यांना कॉफी पाजली.