कुणीही वाट पाहत नव्हतं

पवित्र शनिवार, दुपार

शुभवर्तमानांत, म्हणजे मत्तय, मार्क, लूक आणि योहान यांच्या नावांच्या येशूच्या चार चरित्रांत, वधस्तंभाचा शुक्रवार आणि पुनरुत्थानाचा रविवार यांच्या मधल्या आजच्या दिवसाविषयी जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही. शुक्रवारचा हिशेब मार्कानं तासागणिक ठेवलाय: दिवस उगवल्यापासून तिसऱ्या तासाला वधस्तंभावर खिळलं, सहाव्या तासापासून अंधार पडला, नवव्या तासाला येशूनं मोठ्यानं आरोळी मारली. रविवारच्या पहाटेबद्दल तर चौघांनीही लिहिलंय. मधला शनिवार मात्र लूक एका वाक्यात उरकतो. बायकांनी सुगंधी द्रव्यं तयार केली आणि आज्ञेप्रमाणे शब्बाथाला, यहुद्यांच्या पवित्र दिवशी, विसावा घेतला, बस्स एवढंच.

एका वाक्यातला हा दिवस मला वर्षागणिक जास्त जवळचा वाटायला लागलाय. आपलं पुष्कळसं आयुष्य याच दिवसात जातं. जे व्हायला नको होतं ते होऊन गेलेलं असतं, देवानं दिलेला शब्द तोंडपाठ असतो, आणि डोळ्यांसमोर मात्र धोंड लावलेली कबर असते.

सकाळी मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय वाचताना एका गोष्टीपाशी अडले. मुख्य याजक आणि परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारा यहुदी पंथ, रोमी सुभेदार पिलाताकडे जाऊन सांगतात, तो जिवंत असताना म्हणाला होता की तीन दिवसांनंतर मी उठेन, तेव्हा कबरेवर पहारा बसवा. म्हणजे त्या शनिवारी येशूचे शब्द आठवत होते ते त्याच्या विरोधकांना! शिष्यांचं काय? त्यांनी तर ते शब्द वाटेत पुन्हा पुन्हा ऐकले होते. तरी त्या दिवशी त्यांच्यापैकी एकालाही ते आठवल्याचं कुठं लिहिलेलं नाही. यहुदी पुढारी निकदेमानं आदल्या संध्याकाळी दफनासाठी आणलेलं गंधरस आणि अगरू यांचं मिश्रण आजच्या मापानं तीस किलोंच्या वर भरतं. इतकं मोलाचं द्रव्य माणूस आणतो ते अखेरचा निरोप देण्यासाठी. त्या बायकासुद्धा रविवारी पहाटे निघाल्या त्या प्रेताला द्रव्यं लावायला. त्यांचं प्रेम तसूभर कमी झालं नव्हतं. आशा मात्र संपली होती.

आज दिवसभर मनात हेच घोळतंय. पुनरुत्थान घडलं तेव्हा त्याची वाट बघणारं कुणीही नव्हतं, आणि तरीही ते घडलं. ते व्हावं म्हणून आधी कुणाच्या तरी विश्वासाची भरती व्हावी लागली नाही. देवानं स्वतःचा शब्द स्वतः पाळला, त्याच्या माणसांनी तो सोडून दिल्यावरही. प्रेषित पौलानं आपला सहकारी तीमथ्याला लिहिलंय ना, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो, कारण त्याला स्वतःला नाकारता येत नाही. हे वाक्य आजवर मी चुकलेल्या माणसाला धीर देणारं म्हणून वाचत आले. ते थकलेल्या माणसासाठीही आहे, हे आज जास्त जाणवलं.

पुनरुत्थानदिन, रात्र

पहाटेची उपासना झाली. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे!" आणि सगळी मंडळी एका आवाजात म्हणाली, "खरोखर उठला आहे!" अंगावर काटा आला. घसा बसेपर्यंत गायले. आज लिहायला फार सुचत नाही, आनंद आहे एवढंच लिहून ठेवते.

सोमवार

काल राहिलेलं आज लिहिते.

पहिल्या ईस्टरच्या सकाळी असं गाणं कुणीही गायलं नव्हतं. चौथ्या शतकातल्या ज्या दोन जुन्या हस्तलिखितांत मार्काचं शुभवर्तमान आहे, त्यांत ते सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनावर थांबतं: बायका थरथरत कबरेपासून पळाल्या आणि भीतीमुळे कुणाला काही बोलल्या नाहीत. लूक म्हणतो, बायकांनी येऊन सांगितलं ते प्रेषितांना वायफळ बडबड वाटलं. योहानाच्या वर्णनात मरीया मग्दालीया येशूला माळी समजते. आणि मत्तयाच्या शेवटच्या अध्यायात, गालीलातल्या डोंगरावर, प्रत्यक्ष त्याच्यापुढं उभं असतानाही कित्येकांना संशय वाटला. मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते हे की याच घोळक्याला, संशयी माणसांसकट, तो म्हणतो की जा आणि सर्व राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा. "ज्यांना अजून खात्री नाही त्यांनी बाजूला व्हा," असं तो म्हणत नाही.

कुणाला गोष्ट रचायची असती तर त्यानं ती अशी रचली नसती. स्त्रियांच्या साक्षीला त्या काळी न्यायसभेत फारसं वजन नव्हतं, आणि इथं तर पहिल्या साक्षीदार त्याच आहेत. पुढं मंडळीचे आधारस्तंभ ठरलेले पुरुष दारं लावून आत बसलेत. स्वतःला कमीपणा आणणारं हे सगळं त्या मंडळीनं जसंच्या तसं जपलं, वाचलं, पुढच्या पिढीच्या हाती दिलं.

पौलाचं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र इ.स. ५५च्या आसपासचं, म्हणजे वधस्तंभाच्या घटनेला जेमतेम पंचवीस वर्षं झाली असतील. पंधराव्या अध्यायात तो म्हणतो की मला जे मिळालं तेच मी तुम्हांला सांगून टाकलं. मग उठलेला येशू ज्यांना दिसला त्यांची नावं देतो: केफा म्हणजे पेत्र, बारा जण, एका वेळी पाचशेंहून अधिक बंधू, त्यांतले बहुतेक अजून हयात आहेत, मग याकोब, मग सर्व प्रेषित, शेवटी मी. 'अजून हयात आहेत' हे तो का लिहितो? जाऊन विचारायची सोय आहे म्हणून. याकोब हा प्रभूचा भाऊ. येशू हयात असताना त्याच्या भावांचा त्याच्यावर विश्वास नव्हता, हे योहानानं सरळ लिहून ठेवलंय. पौल तर आधी मंडळीचा छळ करणारा. म्हणजे या यादीतले निदान दोघे तरी येशूच्या मरणानंतर 'तो परत येऊ दे' असं म्हणणारे नव्हते.

आणि त्याच अध्यायात तो आपली सगळी बाजी एका गोष्टीवर लावतो. ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास निष्फळ आहे, तुम्ही अजून आपल्या पापांतच आहात. मधला मार्ग नाही. येशूची शिकवण छान आहे, कबरेचं काय झालं ते ज्याचं त्यानं ठरवावं, अशी सवलत पौल देत नाही. मलाही ती नको आहे. ज्याची कबर भरलेली आहे अशा चांगल्या गुरूकडून मला सांत्वन मिळालं नसतं.

बुधवार

आज आईचं बायबल काढलं. ती गेल्यापासून मी ते क्वचितच उघडते, अक्षर बघवत नाही.

तिच्या आजारपणात मी फार प्रार्थना केली. ती बरी झाली नाही. हे मी कुठल्याही गोड शब्दांत गुंडाळणार नाही. त्या दिवसांत लोक म्हणायचे, विश्वास ठेव. मनात यायचं, ठेवलाय की, अजून किती ठेवू?

स्तोत्र ८९ शोधत होते. एथान एज्राही याचं हे स्तोत्र देवाच्या दयेचं आणि विश्वासूपणाचं गाणं म्हणून सुरू होतं. परमेश्वरानं इस्राएलाच्या दावीद राजाला शब्द दिलाय, तुझं राजासन पिढ्यानपिढ्या टिकवीन. सदतीस वचनं असा उत्साह. आणि अडतिसाव्या वचनापासून सगळं उलटतं: पण तू तर टाकून दिलंस, त्याचा मुकुट धुळीला मिळवलास. मग एथान सरळ विचारतो, प्रभू, तू विश्वासूपणानं दाविदाला शपथ वाहिलीस ती तुझी पूर्वीची दया कुठं आहे? शेवटी देवाच्या धन्यवादाची एक ओळ आहे. पण प्रश्नाचं उत्तर त्या स्तोत्रात नाही.

एकोणपन्नासाव्या वचनाशेजारी आईनं पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह काढलंय, इतकं फिकट की पान उजेडाकडं तिरपं धरावं लागतं. त्याच्याखाली बारीक अक्षरात: 'प्रे. कृ. १३:३४'.

प्रेषितांची कृत्ये उघडून पाहिलं. पौल पिसिदियातल्या अंत्युखियाच्या सभास्थानात बोलतोय. देवानं येशूला मेलेल्यांतून उठवलं याबद्दल तो यशया संदेष्ट्याचा शब्द पुढं ठेवतो: दाविदाला दिलेले पवित्र आणि निश्चित आशीर्वाद मी तुम्हांला देईन. मी किती तरी वेळ बोट तिथंच ठेवून बसून राहिले. एथानानं विचारलं होतं, दाविदाला दिलेला शब्द कुठं गेला? यरुशलेम इ.स.पू. ५८६च्या सुमारास बाबेलच्या हाती पडलं आणि त्यानंतर दाविदाच्या घराण्यातला राजा तिथल्या राजासनावर पुन्हा बसला नाही. शतकं गेली. बाबेल गेलं, पारसी आले, ग्रीक आले, रोमी आले. शब्द मोडला असंच कुणीही म्हटलं असतं. आणि पौल उभा राहून सांगतो, तो शब्द मोडला नव्हता, तो कबरेतून उठून बाहेर आला आहे. दाविदाला कुजणं चुकलं नाही, पण देवानं ज्याला उठवलं त्याला कुजण्याचा अनुभव आला नाही, म्हणून त्याचं राज्य आता कुणी काढून घेऊ शकत नाही.

पुनरुत्थानाकडे मी बहुतेक वेळा मरणानंतर काय याचं उत्तर म्हणून बघत आले. ते आहेच. पण आईच्या त्या पेन्सिलीनं दाखवलं की ते त्याच्या आधी देवाच्या शब्दाचं उत्तर आहे. त्यानं दिलेलं वचन सहाशे वर्षं मातीत गेल्यासारखं दिसलं, तरी ते मेलं नव्हतं.

प्रश्नचिन्ह तिनं खोडलेलं नाही, हे मला फार आवडलं. उत्तर सापडल्यावरही प्रश्न जागच्या जागी ठेवला. ते तिनं केव्हा काढलं असेल? आजारपणात की त्याच्या किती तरी आधी? आता विचारता येत नाही. विचारता येईल त्या दिवसावर माझा विश्वास आहे.

शुक्रवार

ज्या मैत्रिणीचे यजमान गेल्या महिन्यात गेले तिचा फोन आला. घरी प्रार्थनासभा आहे, तू शास्त्रवाचन करशील का? हो म्हटलं. काय वाचायचं ते तिनं माझ्यावर सोपवलं.

आधी लूक २४ मनात आला. यरुशलेमेहून अम्माऊस गावाला जाणारी ती दोघं, येशूच्या शिष्यांपैकी, सुमारे अकरा किलोमीटरची वाट, तोंडं उतरलेली. आम्हांला आशा होती, असं ती येशूलाच सांगतात, आणि तो कोण ते ओळखत नाहीत. तो त्यांना आपलं म्हणणं पूर्ण बोलू देतो. एवढं सुंदर आहे ते. पण त्या वाटेच्या शेवटी तो त्यांना भाकरी मोडताना दिसतो, आणि माझ्या मैत्रिणीला तिचे यजमान त्या रात्री जेवणाच्या मेजावर दिसणार नाहीत. हे वाचन तिला आज झेपेल असं वाटेना.

म्हणून योहान ११. येशूचा मित्र लाजर याला मरून चार दिवस झालेत. त्याची बहीण मार्था येशूला म्हणते, प्रभू, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. तो म्हणतो, तुझा भाऊ पुन्हा उठेल. ती म्हणते, शेवटल्या दिवशी उठेल हे मला ठाऊक आहे. किती नीट उत्तर! सदूकी हा यहुदी पंथ पुनरुत्थान मानत नसे, मार्था मानत होती, तिचा सिद्धान्त बरोबरच होता. पण तो तिला एका तारखेवरून स्वतःकडं वळवतो: "पुनरुत्थान व जीवन मीच आहे." पंचविसावं वचन.

आणि दहाच वचनांनंतर, पस्तिसाव्यात, येशू रडला.

काही क्षणांत आपण लाजराला हाक मारणार आहोत हे त्याला माहीत होतं. तरी रडला. मार्थेची बहीण मरीया हिला रडताना पाहून 'रडू नकोस, आत्ता बघ काय करतो ते' असं म्हणाला नाही. ज्यांना वाटतं की विश्वास असेल तर डोळ्यांत पाणी यायला नको, त्यांनी हा अध्याय सावकाश वाचावा. पुनरुत्थानावर त्याच्याइतकी खात्री कुणाची असणार होती?

आणखी एक गोष्ट, आज पहिल्यांदाच एकाशेजारी एक ठेवून वाचली. लाजर बाहेर आला तो हातपाय प्रेतवस्त्रांनी बांधलेला, तोंडाला रुमाल गुंडाळलेला. दुसऱ्यांना सांगावं लागलं, त्याला मोकळा करा. तो याच आयुष्यात परतला होता आणि पुढं कधीतरी त्याला पुन्हा मरावं लागणार होतं. विसाव्या अध्यायात पेत्र येशूच्या कबरेत शिरतो तेव्हा तागाची वस्त्रं तिथंच पडलेली असतात, डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला असतो. येशूला सोडवायला कुणी लागलं नाही. तो मरणाच्या पलीकडच्या बाजूला निघाला होता, आणि पौल रोमकरांना लिहितो तसं, मरणाची त्याच्यावर आता सत्ता नाही. मैत्रिणीला द्यायची आशा या दुसऱ्या कबरेतली आहे. तिच्या यजमानांना पूर्वीच्या दुखण्यात परत यायचं नाहीये.

हे सगळं मी सभेत बोलणार नाही. तिथं फक्त वाचायचं आहे, सतराव्या वचनापासून चव्वेचाळिसाव्यापर्यंत, मधलं काहीही न गाळता. तिला तसं कळवलं. तिनं विचारलं, रडण्याचं वचनही वाचशील ना? म्हटलं, हो, तेही.