एन्रॉनचे मेल आणि अण्णांची वही

मागच्या महिन्यात एका ऑनलाइन कोर्सची असाइनमेंट करत बसलो होतो, मेल वाचून तो स्पॅम आहे की कामाचा हे ओळखणारा प्रोग्रॅम लिहायचा असं साधंच काम होतं, आणि त्यासाठी जो डेटा दिला होता त्याच्या नावावरच माझा हात थांबला. एन्रॉन. अरे, आपला एन्रॉन? दाभोळवाला?

हो, तोच. वीज आणि गॅसचा धंदा करणारी अमेरिकी कंपनी, जिने कोकणात गुहागरजवळ दाभोळचं वीज केंद्र उभारलं. माझ्या वयाच्या सोलापूरकराला एन्रॉन म्हटलं की अमेरिका नंतर आठवते, आधी आठवतो गुहागरचा प्रकल्प, भिंतींवर रंगवलेल्या घोषणा आणि "एन्रॉन अरबी समुद्रात बुडवू" हे निवडणुकीतलं वाक्य. तेव्हा मी शाळेत होतो. अण्णा पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते आणि आमच्या घरात विजेवर जेवढं बोललं जायचं तेवढं पाण्यावरही बोललं जात नव्हतं. सोलापुरात राहून पाण्यापेक्षा जास्त म्हणजे बघा.

तर ते मेल. ही गोष्ट नीट सांगतो कारण मला स्वतःला माहीत नव्हती आणि माहीत झाल्यापासून डोक्यातून जात नाहीये. २००० आणि २००१ मध्ये कॅलिफोर्नियात विजेचं मोठं संकट आलं, दर आभाळाला भिडले, आलटून पालटून भागाभागांची लाईट घालवायची वेळ आली. अमेरिकेत वीज बाजारावर लक्ष ठेवणारा एक केंद्रीय आयोग आहे, फर्क म्हणतात त्याला, त्याने चौकशी सुरू केली. चौकशीत एन्रॉनकडून कागद घेतले, मेल घेतले, आणि मार्च २००३ मध्ये त्यातला मोठा साठा सरळ लोकांसाठी वेबसाइटवर टाकून दिला. साधारण दीडशे माणसांचे मेलबॉक्स, बहुतेक वरच्या पदावरची माणसं. नंतर विद्यापीठातल्या लोकांनी त्याची साफसफाई केली तरी पाच लाखांच्या आसपास मेल उरले. आज जगभरातली पोरं स्पॅम ओळखायचे प्रोग्रॅम त्याच्यावर शिकतात. मीही त्यातलाच एक, विजापूर रोडच्या दोन खोल्यांत बसून.

असाइनमेंट राहिली बाजूला. मी सर्चमध्ये दाभोळ टाकलं.

धडाधड मेल यायला लागले. त्यात सगळ्यात जास्त वेळ मी ज्याच्यावर घालवला ते म्हणजे "एन्रॉन इंडिया न्यूजडेस्क" अशा नावाने निघालेले मेल. आपल्याकडच्या इंग्रजी पेपरांत एन्रॉनबद्दल जे काही छापून येई ते सगळं गोळा करून, बातमीच्या बातमी जशीच्या तशी चिकटवून, ह्यूस्टनच्या साहेब लोकांना पाठवलेलं. मंत्री काय म्हणाले, वीज मंडळ पैसे कधी देणार, कोण विरोधात बोललं, सगळं. म्हणजे आपण इथे चहाच्या टपरीवर जी बातमी वाचत होतो तीच बातमी तिकडे कुणीतरी मोठ्या पदावरचा माणूस आपल्या टेबलावर वाचत होता. का कोण जाणे, हे वाचताना अंगावर काटा आला. आपल्याला वाटायचं आपलं बोलणं कुणी ऐकत नाही. ऐकत होते की, रोज ऐकत होते.

आता थोडं मागे जातो, कारण नवीन पोरांना दाभोळ म्हणजे काय हेच माहीत नाही. ८ डिसेंबर १९९३ ला आपलं वीज मंडळ आणि एन्रॉनची दाभोळ पॉवर कंपनी यांच्यात वीज खरेदीचा करार झाला. तो करार बराच काळ लोकांना बघायलाच मिळाला नव्हता, ही त्यातली पहिली गोम. कराराचं गणित मेसच्या डब्यासारखं होतं, तुम्ही जेवा नाहीतर जेवू नका, महिन्याचे पैसे द्यायचेच. फक्त इथे डबा हजारो कोटींचा. पुण्याच्या प्रयास संस्थेतल्या लोकांनी १९९५ मध्येच आकडेमोड करून सांगितलं होतं की हे परवडणारं नाही. त्याच वर्षी सरकार बदललं, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्द झाला, मग वाटाघाटी होऊन पुन्हा आला आणि आधीपेक्षा मोठा होऊन आला, दोन टप्पे मिळून २१८४ मेगावॅट. मे १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, ७४० मेगावॅटचा, नाफ्ता नावाच्या खनिज तेलापासूनच्या इंधनावर. नाफ्ता महाग झाला, डॉलर महाग झाला, आणि जी वीज सव्वादोन अडीच रुपयांना मिळेल असं सांगितलं होतं ती काही महिन्यांत सात रुपयांच्या वर गेली. मंडळाने शेवटी मे २००१ मध्ये ती वीज घेणंच थांबवलं. डिसेंबर २००१ मध्ये तिकडे अमेरिकेत एन्रॉनच दिवाळखोर झाली.

हे सगळं होत असताना गुहागरकडच्या गावांतल्या माणसांनी काय सोसलं ते वेगळंच. वेलदूरमध्ये ३ जून १९९७ ला पहाटे पोलीस घरात घुसून कोळी बायकांना धरून घेऊन गेले, ते ह्यूमन राइट्स वॉचच्या १९९९ च्या अहवालात आहे. तो मी पूर्वी वाचला होता. मराठी पोरांनी तो वाचायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मूळ मुद्द्याकडे येतो. फर्कने मेल टाकण्याच्या आधी, मे २००२ मध्ये, एन्रॉनच्या वकिलांनी डिसेंबर २००० मध्ये लिहिलेले काही मेमो बाहेर काढले होते. त्यात कंपनीचे ट्रेडर, म्हणजे विजेची खरेदी-विक्री करणारे लोक, काय काय युक्त्या करतात ते नावांसकट लिहिलेलं, फॅट बॉय, रिकोशे असली नावं. रिकोशे म्हणजे काय, तर कॅलिफोर्नियातली वीज राज्याबाहेर विकायची, मग बाहेरची वीज म्हणून तीच परत आत आणायची, कारण बाहेरून आलेल्या विजेला दराची मर्यादा लागू नव्हती. आपल्याकडे गोडाऊनमध्ये कांदा दाबून ठेवणारा व्यापारी निदान कांदा दाबून तरी ठेवतो, इथे तर नुसता कागदावरच माल फिरला.

आणि मग टेप. हे माझ्या सगळ्यात जास्त लक्षात राहिलं. ट्रेडरांचे फोन रेकॉर्ड होत होते आणि त्या टेप सरकारी तपासात जप्त झाल्या. वॉशिंग्टन राज्यात स्नोहोमिश नावाच्या काउंटीची एक सार्वजनिक वीज संस्था आहे, आपल्या वीज मंडळाचीच छोटी बहीण समजा. तिने एन्रॉनबरोबरचा महागडा करार तोडला म्हणून बुडालेल्या एन्रॉनने तिच्याकडेच १२ कोटी २० लाख डॉलर मागितले. तर त्या संस्थेने काय केलं, सरकारकडून त्या टेप मिळवल्या आणि माणसं बसवून एकेक टेप ऐकून टाइप करून घेतल्या. २००४ आणि २००५ मध्ये ते संवाद बाहेर आले. एका संवादात ट्रेडर लोक हसत हसत कॅलिफोर्नियातल्या गरीब आज्यांकडून लुटलेल्या पैशाबद्दल बोलतायत. दुसऱ्या एकात ट्रेडर लास वेगासच्या एका वीज केंद्रातल्या माणसाला सांगतोय की जरा डोकं चालव आणि केंद्र बंद करायला काहीतरी कारण शोध. आणि तो माणूस बरं म्हणतो. १७ जानेवारी २००१ ला ते केंद्र बंद होतं आणि त्याच दिवशी कॅलिफोर्नियात लाखो लोकांची लाईट गेली.

ही तारीख वाचून मी उठून बसलो. कारण त्यानंतर बरोबर अकरा दिवसांनी, २८ जानेवारी २००१ ला, आपल्या वीज मंडळाने दाभोळला सांगितलं होतं की केंद्र पूर्ण क्षमतेने चालवून दाखवा, करारात तीन तास दिलेले होते, आणि ते तीन तासांत जमलं नाही. त्यावर मंडळाने ४०१ कोटींचा दंड लावला होता. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असं मी म्हणत नाही. पण तिकडच्या त्या दिवशी फोनवर कोण काय बोललं ते मी आज शब्दाशब्दाने वाचू शकतो, आणि आपल्या त्या तीन तासांत आत काय चाललं होतं ते मला कुठे वाचायला मिळणार?

रात्री साडेअकरा वाजले असतील, अण्णा पाणी प्यायला उठले.

"काय वाचायलास बे एवढ्या रात्री?"

"अण्णा, एन्रॉनच्या लोकांचे मेल आहेत हे. सरकारने बाहेर काढलेत."

"आपल्या सरकारने?"

"नाही, अमेरिकेच्या."

अण्णा काही बोलले नाहीत, आत गेले आणि ट्रंक उघडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा हातात लाल कापडी पुठ्ठ्याची एक छोटी वही. ही वही घरात आहे हे मला माहीत होतं पण आत कधी बघितलं नव्हतं. कारखान्यात माग पीस रेटवर चालायचे, लाईट गेली की कामगाराची मजुरी बुडायची आणि आठवड्याच्या हिशोबाला वाद व्हायचा, म्हणून अण्णा लाईट जाण्या-येण्याची वेळ लिहून ठेवत. निळ्या बॉलपेनने, तारीख, मग "गेली २.१०, आली ४.४०". काही पानांवर तेलाचे अंगठे. एका ओळीपुढे लिहिलंय "बीम नवा, ३ चादरी खराब". मी विचारलं खराब म्हणजे, तर म्हणाले लाईट जाताना आडवा धागा नेणारा धोटा मधेच राहायचा, ताणा म्हणजे उभे धागे तुटायचे, जोडून परत माग सुरू केला की नेमक्या त्या जागी आडवी पट्टी दिसायची, व्यापारी अशी चादर सेकंडच्या भावात घ्यायचा. पट्टीचे पैसे कुणाचे कापायचे? विणणाऱ्याचे. लाईट घालवणाऱ्याला कुणी विचारत नव्हतं.

मी वही चाळत होतो आणि शेजारी स्क्रीनवर मेल उघडेच होते. वहीत २००५, २००६, २००७, पुढे पुढे तर पानंच्या पानं. त्या वर्षांत राज्यभर लोडशेडिंगने जीव घेतला होता, आणि दाभोळचं केंद्र २००१ पासून पाच वर्षं तसंच बंद पडून होतं हेही त्याच वर्षांतलं. (आज आमच्याकडे आहेरवाडीला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं केंद्र उभं आहे. तेव्हा असतं तर, असं अण्णा दर वेळी तिकडून जाताना म्हणतात.)

एक गोष्ट मात्र मला खटकली ती पण लिहितो. त्या मेलांत सगळंच घोटाळ्याचं नाही. कुणाचं बायकोशी भांडण, कुणाच्या पोराची शाळा, कुणी दुसरीकडे नोकरी शोधतंय. सुरुवातीला तर लोकांचे सरकारी ओळख क्रमांकसुद्धा तसेच राहिले होते, तक्रारी झाल्यावर काढले. ज्यांचा घोटाळ्याशी काही संबंध नव्हता अशी साधी नोकरदार माणसं पण जगासमोर उघडी पडली आणि हे बरोबर झालं नाही. कागद बाहेर काढताना कुणीतरी बसून हे चाळून बघायला पाहिजे होतं, आधी, नंतर नाही. मी स्वतः तसला एक मेल अर्ध्यावर बंद केला.

पण म्हणून कागद कपाटातच ठेवायचे का? नाही, हे मला पटत नाही. आपल्याकडे दाभोळचा करार तपासणाऱ्या गोडबोले समितीचा अहवाल २००१ मध्ये आला, करारात काय काय चुकलं ते त्यात लिहिलंय, ते काम मोठंच आहे. पण अहवाल म्हणजे समितीने कागद वाचून काढलेलं मत. मूळ कागद वेगळे. मूळ पत्रं, मूळ टिपणं, कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर कोणी काय शेरा मारला, ते समोर असलं की स्नोहोमिशसारखं कुणीतरी चिवट माणूस बसतो आणि चौकशी करणाऱ्याच्या नजरेतून सुटलेलं शोधून काढतो. सुप्रीम कोर्टात १९९७ पासून फक्त एक प्रश्न उरला होता, या सगळ्यात राज्य सरकार आणि अधिकारी यांची जबाबदारी काय. एप्रिल २०१९ मध्ये कोर्टाने इतका काळ उलटून गेला म्हणून ते प्रकरण बंद केलं.

अण्णांनी तेवढंच विचारलं. "मग ते फोनवर बोलणारे, त्यांना शिक्षा झाली का न्हाई?"

मी सांगितलं, काही ट्रेडरांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. कंपनीचा मोठा साहेब स्किलिंग, त्याला २४ वर्षांची शिक्षा झाली, ती कॅलिफोर्नियाच्या विजेसाठी नाही, हिशोबातल्या फसवणुकीसाठी, पुढे कमी होऊन १४ वर्षं झाली आणि २०१९ मध्ये तो सुटला.

"आणि आपल्याकडचे?"

मी मान हलवली.

अण्णांनी वही मागितली, चष्मा लावून दोन-तीन पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिले. मग वही माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "हेचे फोटो काढून ठेव. पेन उडायलाय." लाईट होतीच, मी टेबलावर वही पसरली आणि पहिल्या पानापासून फोटो काढायला सुरुवात केली. एकशे बारा पानं झाली. पहाटेपर्यंत अण्णा शेजारी बसून एकेक पान दाबून धरत होते.