पनामा सिटी नुसती जहाजावरून बघू नका

मर्चंट नेव्हीतल्या कितीतरी मुंबईकरांनी पनामा पाहिलाय, पण तो डेकवरून. शहरात उतरून फिरलेले फार कमी भेटतात आणि मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण या शहराला निदान तीन-चार दिवस द्यायलाच हवेत.

आधी पनामा कालव्यावरच्या मिराफ्लोरेसला जा, म्हणजे जिथे लॉक आहेत, दारं लावून पाण्याची पातळी वर-खाली करणारे मोठे हौद, सकाळी लवकर किंवा दुपारी तीननंतर, मधल्या वेळात बऱ्याचदा जहाजंच नसतात. इथे जहाज दोन पायऱ्या चढतं, पुढे पेद्रो मिगेलच्या लॉकमधे अजून एक, आणि मग समुद्रापेक्षा 26 मीटर उंचावरच्या गातून तलावाकडे निघतं. हे सगळं पंपाशिवाय होतं बरं का, तलावाचं गोडं पाणी उताराने आपोआप लॉकमधे येतं, आणि जुन्या लॉकमधून एक जहाज पार करायला साधारण 20 कोटी लिटर पाणी शेवटी समुद्रात सोडावं लागतं. आणि शहराचं पिण्याचं पाणीसुद्धा कालव्याच्याच तलावांतून येतं! आपण पावसाळ्यात पेपर उघडून तानसा, मोडकसागर किती भरले ते बघतो ना, तसाच जीव तिकडे गातूनवर टांगलेला असतो. 2023 मधे पाऊस कमी झाला तेव्हा रोज सोडायच्या जहाजांची संख्या कमी करावी लागली होती. त्यामुळे तिथे उभे राहाल तेव्हा जहाजाइतकंच पाण्याकडेही लक्ष द्या.

मग पनामा विएहो. 1519 मधे स्पॅनिश लोकांनी वसवलेलं मूळ शहर हे, 1671 मधे हेन्री मॉर्गन या समुद्री लुटारूच्या हल्ल्यात जळालं, आता भिंती आणि कॅथेड्रलचा दगडी मनोरा तेवढा उरलाय. हे बघून मगच कास्को विएहोला जा, म्हणजे 1673 पासून तिथे नव्याने वसलेल्या शहराचा अर्थ लागतो. कास्कोत टॅक्सीने फिरू नका, पायीच फिरा, सान होसे चर्चमधली सोन्याने मढवलेली वेदी चुकवू नका आणि भूक लागली की चालत मासळी बाजारात जाऊन सेविचे खा, लिंबाच्या रसात मुरवलेली मासळी, मला तर फार आवडते.

बाकी डॉलर सर्रास चालतात, मेट्रो 2014 पासून आहे आणि स्वस्त आहे, थोडं स्पॅनिश शिकून जा. पाऊस साधारण मे ते डिसेंबर, त्यामुळे फिरायला जानेवारी ते मार्च उत्तम. व्हिसाचे नियम बदलत असतात, ते वकिलातीकडून नीट कळल्याशिवाय तिकीट काढू नका.