घरात आधी कुणाला?

व्यसनमुक्ती केंद्रात मला दाखल करून घेताना तिथल्या ताईंनी विचारलं, "घरात आधी कुणाला दारूचं व्यसन?" बाबा पटकन म्हणाले, "आमच्यात कुणालाच नाही." मी दत्तक आहे, हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मला तिथेच रडू फुटलं.

या व्यसनात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो म्हणतात. म्हणून मला जन्मदात्यांबद्दल जाणून घ्यायचंय. 2022 च्या दत्तक नियमावलीत मुळांचा शोध घेण्याची सोय आहे, पण जन्मदात्यांच्या खासगीपणाला धक्का न लावता. ते मला पटतं. मला जन्म देणाऱ्या बाईलाही तिचं आयुष्य असेल. अर्ज भरून ठेवलाय. आई म्हणते, "आधी नीट सावर, मग दोघं मिळून देऊ." मी एएच्या, म्हणजे दारू सोडणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगला जातो, बाबा अल-अ‍ॅनॉनच्या, म्हणजे अशांच्या घरच्यांच्या गटाच्या.